चामड्यावरचा रंग सुकतो तेव्हा

मोटारीतल्या चामडी आसनांचा रंग उडाला, कडेला बारीक भेगा दिसू लागल्या, की चामडे कोरडे पडले आहे आणि त्याला तेल पाजले म्हणजे ते पूर्ववत होईल, असा सल्ला हमखास मिळतो. त्याच्या जोडीला आणखी एक समज असतो : घरी लावायचा रंग चामड्यात मुरतो आणि आतून पकड घेतो. आजच्या बहुतेक मोटारींच्या बाबतीत हे दोन्ही समज चुकीचे आहेत, कारण आसनावर बसताना आपला स्पर्श चामड्याला होतच नाही.

कमावलेले कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कच्चे कातडे पाण्यात साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते. क्रोमियमच्या क्षारांनी ते कमावले की शेजारच्या प्रथिनसाखळ्या एकमेकींना सांधल्या जातात आणि ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास पोहोचते. त्यानंतर मोठ्या फिरत्या पिंपांत कातड्याला विद्राव्य रंजक आणि मऊपणासाठी तेल देतात. तेलाचे काम तिथेच होऊन जाते. शेवटी पृष्ठभागावर पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये कालवलेल्या रंगद्रव्याचा थर देतात आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचे आवरण चढवतात. ऊन, घाम, त्वचेचे तेल आणि चढउतार करताना होणारे घर्षण यांनी आधी झिजतो तो हा थर. अशा आवरणावर चोळलेले तेल बहुतांशी वरच राहते, धूळ धरते आणि पुढे लावलेल्या रंगाला टिकू देत नाही. ‘चामड्याला पोषण देणारे’, ‘चामड्याचा श्वास मोकळा करणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांच्या जाहिराती यामुळेच दिशाभूल करणाऱ्या आहेत. कातडे कमावले गेले त्या दिवसापासून त्यात जिवंत पेशी नाहीत. त्याला भूकही नाही आणि श्वासही नाही.

एखाद्या न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. तो तसाच राहिला तर वर आवरण आहे. लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे, मग ते मुळातच बिनलेपाचे असो वा झिजून तसे झालेले असो. बिनलेपाच्या चामड्याची कृती वेगळी असते आणि तिचा विचार इथे केलेला नाही.

आवरण असलेल्या आसनाची पूर्वतयारी थोडक्यात सांगता येते. साबणाच्या सौम्य पाण्याने मळ काढावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसावा, भेगांत लवचीक भरण भरावे आणि बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग हलकेच घासावा. चकाकी आणणाऱ्या फवाऱ्यांतले सिलिकोन मागे राहता कामा नये, कारण त्याच्यावर जलाधारित रंग पसरत नाही, आक्रसून गोल खळगे पाडतो. आसनाच्या बाजूला एअरबॅग असेल, तर ती जिथून फाटून बाहेर येते त्या शिवणीवर भरण किंवा रंगाचा जाड थर मुळीच देऊ नये.

खरे विज्ञान सुरू होते ते रंग सुकताना. बाटलीतला रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थाचे, सूक्ष्म गोळे आणि त्यांच्या सोबतीला रंगद्रव्याचे कण. या गोळ्यांचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर असतो. पाणी उडू लागते तसे गोळे दाटीवाटीने एकमेकांना टेकतात आणि त्यांच्यामधल्या फटींत पाण्याचे वक्र पृष्ठभाग तयार होतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन असतो. फटीची त्रिज्या १० नॅनोमीटर धरली, तर पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या या सूत्राने दाब येतो सुमारे १४४ लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १४० पट. रंगातल्या साबणासारख्या घटकांमुळे प्रत्यक्षातला दाब कमी असतो, तरी तो प्रचंडच. या ओढीने गोळे चेपले जातात आणि मधल्या फटी बुजतात. रचना अगदी नियमित असेल तर प्रत्येक गोळ्याला बारा सपाट पृष्ठे येतात. ओला रंग दुधाळ आणि फिकट दिसतो, कारण पाणी आणि पॉलिमर यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो. सीमा नाहीशा झाल्या की तोच रंग गडद होतो. छटा जुळवायची ती म्हणूनच सुकलेल्या नमुन्यावर.

एवढ्याने काम संपत नाही. या अवस्थेतला थर कोरडा वाटला, तरी तो शेजारी शेजारी दाबून बसलेल्या गोळ्यांचाच असतो आणि घासताच सुटू शकतो. बळकटी येते ती पॉलिमरच्या लांब साखळ्या सीमा ओलांडून शेजारच्या गोळ्यात शिरतात तेव्हा. गुंत्यातली साखळी आडवी सरकू शकत नाही. ती स्वतःच्याच लांबीच्या दिशेने, बिळातल्या सापासारखी पुढे जाते. ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडली. पुढे १९९१ मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल मिळाले. या सरपटण्याला ऊब लागते आणि वेळ लागतो. प्रत्येक रंगाचे एक किमान तापमान असते. त्याखाली गोळे कडक राहतात आणि थर भुकटीसारखा, भेगाळलेला होतो. उलट, केस वाळवण्याच्या यंत्राने एकदम तापवले, तर वरची साय आधी मिटते आणि आतले पाणी कोंडून फोड येतात. स्पंजने किंवा फवाऱ्याने एकावर एक पातळ हात द्यावेत आणि मधे कोमट हवा दुरून फिरवावी, असे सांगतात ते या दोन टोकांमधला मार्ग साधावा म्हणून.

वरच्या पारदर्शक थरात बहुधा साखळ्यांना आडवे सांधणारे रसायन मिसळतात. इथे एक शर्यत लागते : साखळ्या एकमेकींत मिसळण्याआधीच सांधल्या गेल्या, तर त्या सीमा ओलांडू शकत नाहीत आणि गोळ्यांमधला जोड कायमचा कच्चा राहतो. मिश्रण थोडे थोडे करून सांगितलेल्या वेळेत वापरायचे ते यासाठीच. अशी काही रसायने आयसोसायनेट किंवा अ‍ॅझिरिडीन गटातली असतात आणि त्यांनी त्वचेची व श्वसनमार्गाची अ‍ॅलर्जी जडू शकते. हातमोजे घालावेत, सगळी दारे उघडी ठेवावीत आणि फवारा मारायचा असेल तर वाफेसाठीचा योग्य मुखवटा वापरावा. धुळीसाठीचे साधे कापड पुरत नाही.

काही मिनिटांत बोटाला न चिकटणारा हा थर पूर्ण बळकट व्हायला कित्येक दिवस घेतो. तोवर आसनावर बसणे शक्यतो टाळावे आणि ते धुऊ तर नयेच. नंतर ओलसर पांढरे फडके एका कोपऱ्यावर घासून पाहावे. त्याला रंग लागलाच, तर आणखी हात न देता आधी काही दिवस उबदार, कोरड्या हवेत थांबावे.