जुलाब घरी लागले की वॉर्डात?

घरी असलेल्या माणसाला जुलाब लागले तर डॉक्टर आधी पाण्याची आणि खाण्याची चौकशी करतात. पण न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या रुग्णाला पाचव्या-सहाव्या दिवशी पातळ शौचाला होऊ लागले, तर आधी त्याच्या औषधांचा कागद पाहायला हवा. घरी लागणाऱ्या जुलाबांमागे ई. कोलायचे काही प्रकार, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, कॉलरा असे दूषित अन्नपाण्यातून आलेले जंतू असू शकतात; शिगेला तर शंभरापेक्षा कमी संख्येने पोटात गेला तरी रक्ती आव होऊ शकते. दाखल होऊन तीन दिवस उलटल्यावर सुरू झालेल्या जुलाबांत मात्र हे जंतू क्वचितच सापडतात. तिथे पुष्कळदा जंतुसंसर्ग नसतोच, औषधे किंवा नळीतून दिलेला आहार बाधलेला असतो. आणि जंतू असलाच तर पहिला संशय क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलवर घ्यावा लागतो.

हा जंतू १९३५ मध्ये नवजात बाळांच्या शौचात सापडला. प्रयोगशाळेत तो वाढवणे फार अवघड गेले, म्हणून त्याला ‘अवघड’ या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. बाळांना त्याचा सहसा त्रास होत नसल्याने तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या गंभीर दाहामागे त्याचेच विष आहे, हे १९७८ मध्ये स्पष्ट झाले. निरोगी आतड्यातले असंख्य जीवाणू त्याला डोके वर काढू देत नाहीत, परंतु फुप्फुसातील जंतू मारण्यासाठी दिलेले प्रतिजैविक या राखणदारांनाही मारते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तो फोफावतो. मला यातली सर्वांत चिंतेची बाब वाटते ती त्याच्या बीजाणूंची, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपाची. खाटेच्या कठड्यावर, बेडपॅनवर ते महिनोन्महिने टिकतात आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. हातांवरून ते साबण-पाण्यानेच धुऊन काढावे लागतात, तर पृष्ठभागांसाठी क्लोरीनयुक्त जंतुनाशक लागते.

उपचारात, शक्य असल्यास, आधीचे प्रतिजैविक थांबवतात आणि फिडॅक्सोमायसिन किंवा व्हॅन्कोमायसिन हे या जंतूवर चालणारे प्रतिजैविक तोंडावाटे देतात. व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिले तर मोठ्या आतड्यात पुरेसे पोहोचत नाही. घर आणि वॉर्ड यांतली सीमाही पक्की नाही, कारण घरी परतल्यावर कित्येक आठवड्यांनी, किंवा कधीही दाखल न होता केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतलेल्या माणसालाही हा आजार होतो. म्हणून घरी लागलेले जुलाब थांबत नसतील, तर गेल्या तीन महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके रुग्णाने विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावीत.