शेपटीचे काम कुठे गेले?

जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात एखादे धूसर छायाचित्र सापडते. गवताळ मैदानावर एक आखूड विमान उभे आहे, शेजारी टोपी घातलेला एक मनुष्य आहे, आणि विमानाच्या पाठीवर, वैमानिकाच्या अगदी डोळ्यांसमोर, पिंपासारखी एक वस्तू बसवलेली आहे. धड पंखाच्या मागे जेमतेम सरकते आणि संपते. टोकाला उभा पर, म्हणजे फिन आहे, पण आडवी शेपटी कुठेच दिसत नाही. फोटोवर नाव नाही. फ्रान्समधला आहे, एवढेच ठाऊक आहे. असे विमान ओळखायला बसलेला माणूस सहसा आकृत्यांची पुस्तके चाळू लागतो. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या विमानात शेपटीचे काम कोणाकडे दिले आहे?

कारण शेपटी शोभेसाठी नसते. नेहमीच्या कमानदार पंखावर हवा वाहू लागली की पंख विमानाला वर उचलतो, पण त्याच वेळी स्वतः पुढच्या बाजूला कलंडू पाहतो. शिवाय विमान स्थिर राहावे म्हणून त्याचा गुरुत्वमध्य उचल ज्या ठिकाणी एकवटते त्याच्या थोडा पुढे ठेवावा लागतो, म्हणजे नाक खाली जाण्याची ओढ आणखी वाढते. लांब धडाच्या टोकाला बसवलेली आडवी शेपटी हलकेच खाली दाबून हा तोल सांभाळते. तरफेचा दांडा लांब असल्यामुळे थोड्या दाबात भागते. शेपटी काढून टाकली तर वजन आणि हवेचा विरोध कमी होतो हे खरे, पण तो खालचा दाब पंखालाच कुठूनतरी निर्माण करावा लागतो, आणि तोही बऱ्याच आखूड दांड्यावर. प्रत्येक रचनाकाराने ही जागा वेगळी निवडली, आणि त्या निवडीची खूण छायाचित्रात उमटलेली असते.

पंख मागे वळलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे असतील, तर त्यांची टोके मुळापासून बरीच मागे येतात. ती टोके किंचित पिळून त्यांचा कोन कमी केला की तीच शेपटीचे काम करतात. जॉन डन या इंग्रज रचनाकाराची द्विपंखी विमाने अशी होती. त्यांचा परवाना फ्रान्समध्येही घेतला गेला होता, त्यामुळे १९१३ च्या सुमाराच्या फ्रेंच छायाचित्रात मागे प्रोपेलर आणि मागे वळलेले दुहेरी पंख दिसले तर पहिला संशय डन यांच्यावरच घ्यावा. पंख त्रिकोणी असेल तर त्याची मागची कड आपोआप गुरुत्वमध्याच्या बरीच मागे पडते. रोलाँ पायेन यांचे लाकडी बांधणीचे छोटे जेट विमान, १९५४ मध्ये प्रथम उडालेले पीए-४९, या वाटेने गेले. त्याच्या पंखांचा विस्तार पाच मीटरांहून जरासाच जास्त होता. भारतीय हवाई दलाचे मिराज २००० हेही या अर्थाने बिनशेपटीचेच फ्रेंच विमान आहे, फक्त त्याचा तोल सांभाळायला संगणक आहे. पायेन यांच्या बाबतीत एक फसगत मात्र होऊ शकते. १९३० च्या दशकातील त्यांच्या काही विमानांना त्रिकोणी पंखापुढे लहान पंखांची आणखी एक जोडी होती, आणि फोटो मागच्या कोनातून काढलेला असेल तर ती लपून जाते.

सगळ्यांत कठीण वाट सरळ पंखांची. पंख मागे वळलेला नाही, त्रिकोणी नाही, शेपटीही नाही, मग दाब द्यायचा कुठे? उत्तर पंखाच्या छेदात असते: मागची कड हलकेच वर उचललेली असते, त्यामुळे पंखाचा मागचा भाग स्वतःच खाली दाबला जातो. शार्ल फोव्हेल यांनी ही युक्ती आयुष्यभर घासूनपुसून वापरली. त्यांचे एव्ही-३६ हे ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान, १९५१ च्या अखेरीस उडाले. पंखांचा विस्तार सुमारे १२ मीटर आणि लांबी अवघी सव्वातीन मीटर! मागच्या कडेवर दोन उभे पर आणि मध्ये वैमानिकापुरती छोटी कुपी, एवढे दिसले की ओळख जवळपास पक्की. नोंदणीची अक्षरे वाचता आली तर आणखी सोपे, कारण फ्रान्समध्ये ग्लायडरच्या अक्षरांची सुरुवात एफ-सी अशी होते आणि घरी बांधलेल्या विमानांची एफ-पी अशी.

आपल्या छायाचित्रातले विमान मात्र ग्लायडर नाही. त्याचे नाक जाड आहे, आणि पंख सरळ, रुंद, जवळजवळ आयताकृती आहे. येथे घाई करू नये. आधी शेपटी खरोखर नाही, की रुंद पंखाआड लपली आहे, हे जमिनीवरच्या सावलीवरून तपासावे. माणसाच्या उंचीशी ताडून धडाची लांबी काढावी. रंगांवर तर मुळीच विसंबू नये: त्या काळी फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक छायाचित्रण-काचांना लाल रंग जवळपास दिसतच नसे, म्हणून लाल काळपट उमटे आणि निळा फिका. फ्रेंच हवाई दलाच्या चिन्हात बाहेरचे वर्तुळ लाल आणि मधला ठिपका निळा असतो. जुन्या फोटोत तो ठिपका इतका पांढुरका दिसतो की नवख्या डोळ्याला ते चिन्ह कोणत्या देशाचे हेच कळत नाही.

खरा दुवा त्या पिंपात आहे. ते लाँब्लँ पद्धतीचे रेडिएटर. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी पातळ पत्र्यांच्या पाकळ्या गोलाकार रचून ते बनवीत, आणि १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रेंच विमानांवर ते जागोजागी दिसते. न्यूपोर-दलाज २९ या विमानावर तशी दोन पिंपे खाली चाकांच्या खांबांपाशी असत. ते पाठीवर, वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत ठेवण्याचा विचार कोणी केला असेल? सरळ पंख, वर उचललेली मागची कड, आखूड धड आणि हे पिंप, या चार गोष्टी एकत्र आल्या की नाव निघते: सिम्प्लेक्स-आर्नू, १९२२.

रने आर्नू १९०९ पासून बिनशेपटीच्या विमानांच्या मागे लागलेले होते. सिम्प्लेक्स हे त्यांचे शर्यतीचे यंत्र, सुमारे ३२० अश्वशक्तीच्या इस्पानो-सुइझा इंजिनाचे. एवढी ताकद आणि इतका आखूड दांडा म्हणजे एलेव्हेटरची, म्हणजे मागच्या कडेवरील हलत्या पट्टीची, जराशी हालचालही नाक झटकन वरखाली करणार. त्यात वैमानिकाला समोर पिंप दिसणार आणि खाली रुंद पंख. पहिल्या महायुद्धात ४१ विमाने पाडल्याची नोंद असलेला जॉर्ज मादाँ याला ते सोपवले होते. ड्यूच द ला मर्त चषकाच्या शर्यतीआधीच्या उड्डाणात त्याच्या हातून ते कोसळले. मादाँ वाचला, पण शर्यत हुकली. ३० सप्टेंबर १९२२ रोजी एताँप येथे ती शर्यत फेर्नां लास्न याने न्यूपोर-दलाजवर, म्हणजे नेहमीच्या शेपटीवाल्या विमानावर, ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगाने जिंकली. तेव्हा तुमच्या फोटोच्या पाठीमागे कोणी पेन्सिलीने शर्यतीची तारीख लिहून ठेवली असेल, तर विमान बरोबर ओळखले असूनही ती तारीख खोडावी लागेल.