नाव येतं मालिकेतून, पसरतं गावातून

आमच्या यवतमाळ भागात बारशाला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "या शिरेलीनं नावं पार बदलवून टाकली." कानात कुर्र आत्याच करते, पण नाव टीव्हीनं आधीच ठरवलेलं असतं, असं म्हाताऱ्या बायांचं पक्कं मत. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र फार सुंदर गणित दडलंय.

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर पाहा. पिवळ्या पडलेल्या पानांवर देविदास, सुखदेव, शेवंता, अनुसया असतात आणि शेगाव विदर्भातच असल्यानं गजानन तर असतातच. टाक-दौतीची शाई जाऊन बॉलपेन येतं तिथून पुढे राहुल, सचिन, स्वप्नील, अश्विनी. अलीकडच्या पानांवर स्वरा, आरोही, शिवांश, आर्या. गुरुजींना विचारलं तर ते प्रत्येक लाटेमागे एक सिनेमा, एक मालिका किंवा एक क्रिकेटपटू दाखवतात.

पण टीव्ही नसता तर काय झालं असतं? हा प्रश्न आधी सोडवायला हवा. आपल्याकडे नावांची देशभराची वर्षवार यादी प्रसिद्ध होत नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नाव नंतर टाकता येतं. अमेरिकेत मात्र 1880 पासूनच्या नावांची सरकारी यादी सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यावर मॅथ्यू हान आणि अॅलेक्झांडर बेंटली या संशोधकांनी 2003 मध्ये केलेलं काम मला अतिशय आवडतं.

समजा, दरवर्षी 1000 बाळं जन्मतात. प्रत्येक आईबाप डोळे मिटून मागच्या वर्षीच्या एखाद्या बाळावर बोट ठेवतात आणि त्याचं नाव उचलतात. शंभरातला एखादाच कोरं नवं नाव काढतो. आवडनिवड नाही, मालिका नाही. वाटतं की सगळी नावं साधारण सारखीच राहतील. तसं होत नाही. 10 मुलांचं नाव निव्वळ योगायोगानं पुढच्या वर्षी 12 जणांना मिळालं, तर त्याच्या पुढच्या वर्षी ते उचललं जाण्याच्या संधीही 12 होतात. ही बढत कधी वाढते, कधी गळते. शून्यावर पोचलेलं नाव कोणी नव्यानं काढल्याशिवाय परत येत नाही. काही पिढ्यांनी चित्र असं दिसतं, की मूठभर नावं सगळीकडे आणि शेकडो नावं एकेका-दोघादोघांची. खऱ्या यादीचा आकारही असाच आहे. जनुकांच्या अभ्यासात हीच प्रक्रिया 'जेनेटिक ड्रिफ्ट' म्हणून ओळखली जाते.

इथून थोडं आकड्यांत जाऊ. अशा नकलेत एखादं नाव n बाळांना असेल, तर पुढच्या वर्षीचा नुसत्या योगायोगाचा चढउतार साधारण n च्या वर्गमुळाइतका असतो. 10,000 बाळांच्या नावात 100 चा फरक, म्हणजे एक टक्का. असं मोठं नाव एका वर्षात तीस टक्के उसळलं, तर योगायोग पुरत नाही, कारण शोधावं लागतं. पण गावात वर्षाला 4 स्वरा जन्मत असतील, तर पुढच्या वर्षी 2 किंवा 6 होणं अगदी साधी गोष्ट आहे. एका गावच्या रजिस्टरवरून मालिकेला श्रेय किंवा दोष देता येत नाही तो यामुळे.

या कसोटीवर काही नावं खणखणीत उतरतात. 'खलिसी' ही एका इंग्रजी मालिकेतली बनवलेली पदवी. 2011 मध्ये मालिका आली आणि 2018 मध्ये अमेरिकेत पाचशेहून जास्त मुलींचं ते नाव होतं. इथे कारण उघड आहे. त्याच मालिकेतली 'आर्या' मात्र मालिका येण्याच्या आदल्या वर्षीच, 2010 मध्ये, तिथल्या पहिल्या हजार नावांत आली होती. मालिकेनं चढतं नाव आणखी वर ढकललं. 'मॅडिसन'ची कथा तर याहून बोलकी आहे. 1984 च्या सिनेमात एका जलपरीनं हे नाव रस्त्याच्या पाटीवरून घेतलं. मुलींच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं 2001 मध्ये! तोवर आईबापांच्या डोक्यात सिनेमा कुठला? त्यांनी शेजारच्या मॅडिसन पाहिल्या होत्या. आपल्या सचिनचंही तेच. तेंडुलकरचं नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं, आणि पुढे कित्येक गावांत एका सचिनवरून दुसरा सचिन झाला.

कास्तकाराला हे नवं नाही. शेजाऱ्यानं कपाशीची जी बॅग नेली, तिच्यासाठीच कृषी केंद्रासमोर रांग लागते. ग्लेन डेव्हिस स्टोन या मानवशास्त्रज्ञानं वरंगळच्या शेतकऱ्यांमध्ये बियाण्याच्या अशाच लाटा नोंदवल्या आहेत.

नावाबरोबर त्याचा आवाजही पसरतो. 2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळानं अमेरिकेत हाहाकार माजवला. त्यानंतर 'क'च्या उच्चारानं सुरू होणारी नावं सुमारे 9 टक्क्यांनी वाढली, असं जोना बर्जर आणि सहकाऱ्यांना आढळलं. कानावर सतत पडलेला उच्चार गोड वाटू लागतो, हे त्यांचं स्पष्टीकरण. आरव, आरोही, आर्या, आरुष ही नावं एकत्र का येतात, त्याचा धागा मला यात दिसतो.

राशीच्या अक्षराबद्दलही बोललं पाहिजे. पंचांगातल्या अक्षरांच्या कोष्टकात आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या अक्षरांवरून नावच होत नाही, म्हणून बदली अक्षर शोधतात. जन्मनक्षत्राचा लेकराच्या भविष्याशी संबंध असल्याचा कुठलाही पुरावा नाही. अंकशास्त्राच्या नावाखाली स्पेलिंग बदलायला पैसे घेणं तर सरळ फसवणूक आहे. बाळंतिणीच्या पोषणावर खर्च व्हावा असा तो पैसा असतो.

बर्जर आणि गेल ल मेन्स यांनी 2009 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेची नावं तपासली. जी झपाट्यानं वर गेली, ती तितक्याच झपाट्यानं खाली आली. एकदम चढलेलं नाव चार दिवसांचं फॅड वाटतं आणि आईबाप त्यापासून दूर राहतात. आपल्याकडे हे पडताळायचं तर एका मालिकेच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं धरून अख्ख्या तालुक्याच्या शाळांची रजिस्टरं एकत्र लावावी लागतील. अमरावती-यवतमाळच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प जरूर घ्यावा. पोरं शाळेत पाच-सहा वर्षांनी येतात, तेवढं अंतर मात्र हिशेबात धरावं.