तीन वर्षांचे मूल कोणत्या खात्याचे?

फ्रान्समध्ये मूल तीन वर्षांचे झाले की ते ‘एकोल मातेर्नेल’मध्ये, म्हणजे रीतसर शाळेत जाते, तिथे सकाळी आपल्या नावाची पट्टी हजेरीच्या फळ्यावर लावते आणि पाचव्या वर्षापर्यंत सलग वळणाची अक्षरे गिरवू लागते. ऱ्हाईन नदीपलीकडे, जर्मनीत, त्याच वयाचे मूल ‘किटा’मध्ये, म्हणजे बालसंगोपन केंद्रात, जाते. तिथे दाराजवळच्या खुंट्यांवर चिखलात खेळण्यासाठीच्या जाड विजारी टांगलेल्या असतात आणि अक्षरओळख पहिलीसाठी राखून ठेवलेली असते. या फरकाचे खापर सहसा ‘राष्ट्रीय स्वभावा’वर फोडले जाते. मला तो खुलासा तोकडा वाटतो, कारण लहान मुले कोणत्या खात्याकडे सोपवावीत, या प्रश्नाला दोन्ही देशांनी वेगळी उत्तरे दिली आणि पुढचे बरेच काही त्यातून आले.

फ्रान्समध्ये १८२०च्या दशकापासून कामकरी आयांच्या मुलांसाठी धर्मादाय आसरागृहे होती, ज्यांत चढत्या बाकांवर मुलांना दाटीवाटीने बसवले जाई. शिक्षणमंत्री झ्यूल फेरी यांनी १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि १८८२ मध्ये सक्तीचे व धर्मनिरपेक्ष केले, आणि मुलांवरची चर्चची पकड सैल करण्याच्या याच धोरणात आसरागृहांच्या ‘मातृशाळा’, म्हणजेच ‘एकोल मातेर्नेल’, झाल्या. त्यांच्या महानिरीक्षक पोलीन केर्गोमार यांनी बाकांऐवजी खेळाचा आग्रह धरला खरा, पण शाळा ही शाळाच राहिली. आजही तिथले शिक्षक आणि प्राथमिक शिक्षक एकाच संवर्गातले असतात. २०१९ मध्ये सक्तीचे वय ६ वरून ३ वर आणले गेले, तेव्हा बहुतेक सगळी मुले आधीपासूनच शाळेत जात होती.

जर्मनीची वाट वाकडी आहे. शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्र्योबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. (आपल्याकडच्या ‘केजी’तला ‘के’ आणि ‘जी’ याच नावातला, जरी पाटी-पेन्सिलीचा आपला सोस पाहता ती फ्रेंच शाळेची नातलग वाटते.) लोकरीचे चेंडू, लाकडी गोल आणि घन हे त्यांचे साहित्य, तरीही प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारला त्यात नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा वास आला आणि १८५१ मध्ये बंदी आली. ती १८६० मध्ये उठली, तोवर फ्र्योबेल हयात नव्हते. पुढे १९२२ च्या बालकल्याण कायद्याने बालोद्याने शिक्षणखात्याकडे न देता कल्याणखात्याच्या कक्षेतच ठेवली. घरचे संगोपन हीच मूळ व्यवस्था आणि संस्था ही केवळ पुरवणी, असा त्याचा अर्थ लावला गेला. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत शाळा दुपारी सुटे आणि नोकरी करणाऱ्या आईला ‘राबेनमुटर’, म्हणजे कावळीण-आई, असा टोमणा मारला जाई. पूर्व जर्मनीने मात्र बालोद्याने शिक्षणव्यवस्थेत घेतली आणि आयांना कामावर आणले. पश्चिमेचा कल पुढे बराच काळ टिकला: तीन वर्षांवरील मुलाला बालोद्यानात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १९९६ मध्ये आला आणि एक वर्षावरील मुलाला थेट २०१३ मध्ये.

त्यामुळे जर्मनीत शाळेचा पहिला दिवस आजही मोठा असतो. सहा वर्षांचे मूल खाऊ आणि रंगपेट्यांनी भरलेला, जवळजवळ त्याच्याइतकाच उंच कागदी शंकू दोन्ही हातांनी सावरत फोटोसाठी उभे राहते. फ्रान्समध्ये त्याच वयाचे मूल पहिलीच्या वर्गात शिरते, तेव्हा त्याच्या शाळेची तीन वर्षे झालेली असतात.