तीन अक्षरांची मोकळी जागा

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सकाळी उन्हाकडे पाठ करून बसलेली मंडळी हमखास दिसतात. ‘कोवळं ऊन घ्या, डी मिळतं, ते हाडात जातं’ हा सल्लाही तिथे हमखास कानावर पडतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

उन्हाचं आधी उरकतो. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण तिरपे येतात, त्यांना हवेतून लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि ओझोन हा पट्टा जवळजवळ सगळा शोषून घेतो. ऊन चांगलं वर चढल्यावरच तो मिळतो. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. रंगीत बाटलीतलं पाणी दिवसभर गच्चीत तापवून ‘सूर्यजल’ म्हणून पाजणारेही भेटतात. ती शुद्ध फसवणूक आहे. हे जीवनसत्त्व ज्या ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलपासून बनतं ते कातडीत असतं, पाण्यात नसतं.

आता खरी गंमत. डी हाडात जाऊन बसत नाही. हाड भरतं ते कॅल्शियम आणि फॉस्फेटनं. डीवर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रिऑल हे त्याचं कामाचं रूप तयार होतं आणि ते थेट पेशीच्या केंद्रकात, डीएनएपाशी काम करतं. तिथे त्याची गाठ व्हीडीआर या ग्राही, म्हणजे त्याला धरून संदेश ओळखणाऱ्या, प्रथिनाशी पडते.

हे प्रथिन ४२७ अमिनो आम्लांचं. त्याच्या एका टोकाला ‘झिंक फिंगर’ म्हणतात अशी दोन बोटं असतात. प्रत्येक बोटात जस्ताचा एक अणू, सिस्टीन नावाच्या चार अमिनो आम्लांनी धरून ठेवलेला. जस्त काढून घेतलं तर बोटाचा आकारच राहत नाही. पहिल्या बोटालगतचा सर्पिल भाग डीएनएच्या रुंद खाचेत उतरतो आणि दोन्ही धागे न उलगडता अक्षरं, म्हणजे डीएनएचे ए, टी, जी, सी हे घटक, ओळखतो. त्याला हवी असतात सहा अक्षरं: एजीजीटीसीए, किंवा त्याच्या जवळपासची.

पण आपला जीनोम, म्हणजे डीएनएचा एक पूर्ण संच, सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. त्यात सहा अक्षरांचा एखादा तुकडा पावलोपावली सापडणार. म्हणून व्हीडीआर एकटा बसत नाही. आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या ग्राहीबरोबर जोडीनं बसतो. सहा अक्षरं आरएक्सआरची, मग तीन अक्षरं कुठलीही चालतील, मग सहा अक्षरं व्हीडीआरची. मधल्या त्या तीन अक्षरांवर माझा फार जीव आहे. थायरॉइड संप्रेरकाचा ग्राहीही याच आरएक्सआरबरोबर जवळपास याच अक्षरांवर बसतो, मात्र त्याला मधे चार अक्षरं लागतात. अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाच्या ग्राहीला पाच. काझुहिको उमेसोनो आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली हा तीन-चार-पाचचा नियम मांडला.

एका अक्षरानं एवढा फरक का पडावा? गोल जिन्यावर दोघं हातात हात धरून उभे आहेत असं समजा. वरचा एक पायरी चढला, तर तो नुसता उंच जात नाही, वळतोही. डीएनएत एक अक्षर वाढलं की अंतर ०.३४ नॅनोमीटरनं वाढतं आणि दिशा सुमारे ३५ अंशांनी फिरते. मग व्हीडीआर आणि आरएक्सआर यांचे एकमेकांत बसणारे पृष्ठभाग समोरासमोर येतच नाहीत. जोडी जमते ती तीन अक्षरांवरच.

कॅल्सिट्रिऑल व्हीडीआरच्या खोबणीत बसलं की प्रथिनाचा बारावा सर्पिल दुमडतो. जनुक दाबून ठेवणारी प्रथिनं सुटतात, सहकारी प्रथिनं चिकटतात, डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट लागतात, ती गुंडाळी सैल होते आणि जनुकाची नक्कल करणारं आरएनए पॉलिमरेज कामाला लागतं. आतड्यात यामुळे टीआरपीव्ही६ हे कॅल्शियम आत घेणारं प्रथिन वाढतं. त्याच वेळी सीवायपी२४ए१ हे जनुकही जागं होतं आणि त्याचं विकर कॅल्सिट्रिऑललाच मोडून टाकतं. शरीरानं स्वतःसाठी ठेवलेला हा लगाम आहे. साठ हजार युनिटच्या पुड्या मनानं, महिनोन् महिने घेत राहिलं तर तो अपुरा पडतो, रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पुडी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

या बोटांचं महत्त्व कळलं ते एका दुर्मीळ आनुवंशिक मुडदूसामुळे. या मुलांच्या रक्तात कॅल्सिट्रिऑल भरपूर असतं, तरी पाय वाकतात. १९८८ साली अशा दोन कुटुंबांतलं व्हीडीआरचं जनुक वाचलं, तेव्हा प्रत्येकात एकेकच अक्षर बदललेलं निघालं: एका कुटुंबात पहिल्या बोटाच्या टोकाशी, दुसऱ्यात दुसऱ्या बोटाच्या. कॅल्सिट्रिऑल ग्राहीला चिकटत होतं, ग्राही डीएनएला नीट चिकटत नव्हता. अशा मुलांना कॅल्शियम थेट शिरेतून दिलं तर आतड्याची गरज उरत नाही आणि हाडं भरून येतात. यातल्या बऱ्याच मुलांच्या डोक्यावर केस नसतात, ते मात्र या उपचारानं उगवत नाहीत. केसांच्या मुळांना व्हीडीआर लागतो तो कॅल्शियमसाठी नव्हे, आणि तिथलं त्याचं काम कॅल्सिट्रिऑलशिवायही चालतं.