वॉरंट : अटक आणि पाळत

एखाद्याला पकडून आपल्यापुढे हजर करावे, असा न्यायालयाने पोलिसांना दिलेला लेखी हुकूम म्हणजे अटक वॉरंट. बोलीत ‘पकड वॉरंट’. त्यावर न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाचा शिक्का लागतो. त्याला मुदत नसते. बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालय ते रद्द करेपर्यंत वॉरंट जिवंत राहते. म्हणूनच तारीख चुकवली म्हणून निघालेले वॉरंट घेऊन हवालदार कैक वर्षांनीही दारात उभा राहू शकतो. त्यावर जामिनाचा शेरा असेल तर ते जामीनपात्र, आणि तेवढा जामीन दिल्यावर पोलिसांना माणूस सोडावाच लागतो.

‘आधी वॉरंट दाखवा’ हा सिनेमातला दम मात्र बहुधा फुकट जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली मूळ विभागणी तिने तशीच ठेवली. खून, दरोडा, बलात्कार हे दखलपात्र गुन्हे. त्यांत कलम ३५ खाली पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. किरकोळ मारहाण अदखलपात्र. ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन तक्रारदाराला कोर्टाची वाट दाखवतात ती यामुळेच. तिथे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही नाही. अपवाद एक : पोलिसाच्या डोळ्यांदेखत असा गुन्हा करून वर नाव-पत्ता सांगायला नकार देणारा.

अटक करता येते म्हणून केलीच पाहिजे असे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज काय ते पोलिसांनी लिहून ठेवावे, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात बजावले. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करायची तर कारण अपवादात्मक हवे आणि महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यायला हवी. वॉरंट असो वा नसो, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहिला पाहिजे. अनुच्छेद २२ चा हा नियम साधा आहे, आणि वॉरंटापेक्षा सामान्य माणसाच्या उपयोगी तोच जास्त पडतो.

पाळतीचे गणित वेगळे. खरक सिंग खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने संशयिताच्या घरी रात्री जाऊन दार ठोठावण्याची उत्तर प्रदेश पोलिसांची पद्धत रद्द केली, पण त्याच्या हालचालींवर बाहेरून नजर ठेवणे चालू दिले. फोन ऐकायला तर न्यायालयाचे वॉरंट लागतच नाही. १८ डिसेंबर १९९६ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले, आणि दोन्ही खंडपीठांवर न्या. कुलदीप सिंग होते. डी. के. बसू खटल्यात अटकेचा लेखी मेमो, त्यावर साक्षीदाराची सही आणि नातलगाला खबर हे बंधनकारक झाले. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या फोन टॅपिंग खटल्यात मात्र आधी न्यायाधीशाची मंजुरी घ्यावी, ही मागणी मान्य झाली नाही. अधिकार गृहसचिवाकडे राहिला. आदेश ६० दिवसांचा, वाढवला तरी १८० दिवसांपर्यंतच. फेरतपासणी करणारी समितीही सचिवांचीच, म्हणजे सरकारच्या आदेशावर नजर ठेवणारेही सरकारी अधिकारीच.

चोरून टिपलेले संभाषण पुरावा म्हणून चालते का, या प्रश्नाची दोन उत्तरे मुंबईने पाहिली आहेत. शहराच्या कॉरोनरवरील (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेच्या प्रकरणात पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडला. ते संभाषण पुरावा म्हणून चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने मलकानी खटल्यात म्हटले. पुरावा आडमार्गाने मिळाला असला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही, हेही त्यात आले. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. २०१९ मध्ये लाचेच्याच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने टॅपिंगचे आदेश रद्द केले, कारण टॅपिंगसाठी कायद्याने घातलेली सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची अटच पुरी होत नव्हती. रेकॉर्डिंग नष्ट करण्याचाही हुकूम झाला.