महिला डाउनहिल विश्वचषक, २०१७–१८

अल्पाइन स्कीइंगमधील, म्हणजे बर्फाच्छादित डोंगरउतारावरून स्कीवर खाली येण्याच्या खेळातील, डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकारात महिलांसाठी २०१७–१८ च्या हिवाळ्यात झालेली विश्वचषक स्पर्धामालिका. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या या मालिकेत १ डिसेंबर २०१७ ते १४ मार्च २०१८ या काळात आठ शर्यती झाल्या. इटलीची सोफिया गोज्जा ५०९ गुणांसह विजेती ठरली आणि अमेरिकेची लिंडसे वॉन ५०६ गुणांवर राहिली. वॉनने आठपैकी चार शर्यती जिंकल्या होत्या, तर गोज्जाने दोन. दुप्पट विजय मिळवणारी खेळाडू तीन गुणांनी मागे राहिल्यामुळे हा हंगाम डाउनहिलच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो.

डाउनहिलमध्ये प्रत्येक स्पर्धकाला एकच धाव मिळते. स्लालम या खांबांमधून झटपट वळणे घेत उतरण्याच्या प्रकाराप्रमाणे दुसऱ्या फेरीत चूक भरून काढण्याची सोय येथे नाही. महिलांच्या मार्गावर सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतील फरक साधारणपणे ४५० ते ८०० मीटर असतो. वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज जातो, म्हणून शर्यतीआधी त्याच मार्गावर सरावाची धाव घेणे बंधनकारक असते. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. पहिल्या क्रमांकाला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० असे उतरत्या क्रमाने तिसाव्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात. हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत मात्र मोजक्याच स्पर्धकांना प्रवेश असतो आणि पहिल्या पंधरा जणींनाच गुण दिले जातात. सर्व शर्यतींच्या गुणांची बेरीज सर्वाधिक असलेल्या खेळाडूला स्फटिकाचा गोल हा मानाचा चषक मिळतो. पडलेल्या किंवा गेट (ज्यातून जावेच लागते अशी मार्गावरील खांबांची जोडी) चुकलेल्या स्पर्धकाच्या खात्यात त्या दिवशी शून्य जमा होते. या हंगामाचा निकाल समजून घेताना हे शून्य नजरेआड करता येत नाही.

आदल्या हंगामातील विजेती, स्लोव्हेनियाची इल्का श्टुहेत्स, ऑक्टोबर २०१७ मध्ये गुडघ्याला झालेल्या दुखापतीमुळे संपूर्ण हंगामाला मुकली आणि चषक मोकळा झाला. वॉन तेव्हा ३३ वर्षांची होती. डाउनहिलचा चषक तिने याआधी आठ वेळा जिंकला होता आणि विश्वचषकाच्या सर्व प्रकारांत मिळून तिच्या नावावर ७७ विजय होते. गोज्जा तिच्याहून आठ वर्षांनी लहान. बेर्गामोच्या या खेळाडूने विश्वचषकातील आपले पहिले दोन विजय मार्च २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील जोंगसन येथे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकच्याच उतारावर, मिळवले होते.

हंगाम कॅनडातील लेक लुईज येथे सुरू झाला. या ठिकाणी वॉनने इतके विजय मिळवले होते की स्कीइंगच्या वर्तुळात त्याला प्रेमाने ‘लेक लिंडसे’ म्हटले जाई. पण १ डिसेंबरला मार्गाच्या अखेरच्या टप्प्यात ती घसरून सुरक्षा जाळीत जाऊन आदळली आणि गुण शून्य. ही शर्यत ऑस्ट्रियाच्या कॉर्नेलिया ह्यूटरने जिंकली, तीही गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून परतल्यानंतर. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने कारकिर्दीतील पहिली डाउनहिल जिंकली. शिफ्रिनची ओळख तोवर मुख्यतः स्लालमची खेळाडू अशी होती, त्यामुळे या विजयाची दखल सगळीकडे घेतली गेली. वॉन त्या दिवशी बारावी आली आणि तिला २२ गुण मिळाले.

ऑस्ट्रियातील बाड क्लाइनकिर्खहाइम येथील १४ जानेवारीच्या शर्यतीने हंगामाचे चित्र पालटले. काचेसारख्या टणक बर्फावर गोज्जाने दुसऱ्या क्रमांकावरील फेडेरिका ब्रिन्योनेला एका सेकंदाहून अधिक फरकाने मागे टाकले. जेथे शंभराव्या भागावरून क्रमांक ठरतात, तेथे हा फरक फारच मोठा म्हणावा लागेल. तिसरी नादिया फांकिनी असल्यामुळे पहिले तिन्ही क्रमांक इटलीकडे गेले. वॉन सत्ताविसावी आली. सत्ताविसाव्या क्रमांकाचे गुण चार.

पाच दिवसांनी स्पर्धक इटलीतील कोर्तिना दाम्पेत्सो येथे उतरल्या. तेथील ओलिंपिया देल्ले तोफाने हा मार्ग महिलांच्या डाउनहिलमधील सर्वांत देखण्या मार्गांपैकी एक आहे. सुरुवातीनंतर थोड्याच अंतरावर दोन उभ्या कड्यांमधून एक तीव्र उतार खाली जातो. वरून पाहणाऱ्याला स्पर्धक त्या खिंडीत अक्षरशः नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि क्षणार्धात ती खालच्या उजळ बर्फावर, गुडघे छातीशी घेतलेल्या अवस्थेत, पुन्हा दिसते. या उतारावर १९ जानेवारीला घरच्या प्रेक्षकांसमोर गोज्जा पहिली, वॉन दुसरी आणि शिफ्रिन तिसरी आली. दुसऱ्या दिवशी वॉनने परतफेड केली. कोर्तिनामधील तिचा हा बारावा विजय होता. त्या दिवशी लिश्टेनस्टाइनची टिना वायराथर दुसरी, तर अमेरिकेची जॅकलिन वाइल्स तिसरी आली.

यापुढे हंगाम वॉन आणि गोज्जा या दोघींचाच झाला. जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेनच्या कांडाहार उतारावर ३ आणि ४ फेब्रुवारीला दोन्ही शर्यती वॉनने जिंकल्या आणि दोन्ही वेळा गोज्जा दुसरी आली. पहिल्या दिवशी दोघींमध्ये ०.०२ सेकंदांचा फरक होता. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी स्पर्धक तेवढ्या वेळात जेमतेम अर्धा मीटर अंतर कापते, म्हणजे हा फरक त्या खेळातील एका स्कीच्या लांबीहूनही कमी. त्याच दिवशी वाइल्स जोरात पडली आणि पायाच्या दुखापतीमुळे तिचे ऑलिंपिक हुकले. पुरुष असो वा महिला, डाउनहिलच्या कोणत्याही हंगामाचा हिशेब मांडताना अशा दुखापती बाजूला ठेवता येत नाहीत. चषकाच्या शर्यतीत कोण टिकले, हे त्यांवरच बऱ्याच अंशी ठरत असते.

प्योंगचांग ऑलिंपिकची डाउनहिल २१ फेब्रुवारीला जोंगसन येथे झाली. तिचे गुण विश्वचषकात धरले जात नाहीत, तरी हंगामाचा भावनिक मध्य तीच होती. गोज्जाने १ मिनिट ३९.२२ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक डाउनहिलचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली इटालियन महिला. त्यानंतर नॉर्वेच्या राग्नहिल्ड मोविंकेलने अनपेक्षितपणे अवघ्या ०.०९ सेकंदांच्या फरकाने रौप्य घेतले आणि वॉनला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. अल्पाइन स्कीइंगमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारी ती तोवरची सर्वाधिक वयाची महिला ठरली. वॉनचे आजोबा १ नोव्हेंबर २०१७ रोजी वारले होते. त्यांनी कोरियन युद्धात सेवा केली होती आणि ही स्पर्धा आपण त्यांच्यासाठी खेळत असल्याचे ती उघडपणे सांगत असे. शर्यतीनंतर एकमेकींना मिठी मारणाऱ्या गोज्जा आणि वॉन यांच्यात चढाओढीइतकाच परस्पर आदरही होता, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

अखेरची शर्यत १४ मार्चला स्वीडनमधील ओरे येथे झाली. तेथे उतरताना गोज्जा २३ गुणांनी पुढे होती. वॉन जिंकली तरी गोज्जाला दुसरा क्रमांक पुरेसा होता, तिसरा मात्र नव्हे. वॉनने विजय मिळवला आणि तिच्या एकूण विश्वचषक विजयांची संख्या ८२ झाली. त्यांपैकी ४३ विजय केवळ डाउनहिलमधील होते. गोज्जा ०.०६ सेकंदांनी दुसरी आली, अमेरिकेची अ‍ॅलिस मॅकेनिस तिसरी. पहिल्या दोघींमधील अंतर २३ वरून तीनवर आले आणि तेथेच थांबले. एकूण गुणांत तिसऱ्या आलेल्या वायराथरचे गुण या दोघींपेक्षा शंभराहून अधिक कमी होते. इझोल्डे कोस्टनरने २००१ आणि २००२ मध्ये हा चषक जिंकल्यानंतर तो प्रथमच एका इटालियन महिलेकडे आला.

गुणांचा तक्ता मागून पुढे वाचला की लेक लुईजमधील पडण्याचे मोल कळते. त्या दिवशी वॉनने शेवटची काही वळणे सावधपणे घेऊन सत्ताविसावा क्रमांक मिळवला असता, तरी त्याचे चार गुण चषकासाठी पुरले असते. म्हणून गोज्जाचे यश नशिबाचे होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. वॉन ऐन भरात असताना सलग तीन शर्यतींत तिच्या पाठोपाठ दुसरे येणे, आणि तेही शेवटच्या वेळी एक क्रमांक घसरला तर सर्व काही गमावण्याच्या दडपणाखाली, हे प्रस्तुत लेखकाच्या मते कोणत्याही एका विजयाहून अवघड काम होते.

गोज्जाने पुढे २०२१, २०२२ आणि २०२३ मध्येही डाउनहिलचा चषक जिंकला. वॉनने फेब्रुवारी २०१९ मध्ये निवृत्ती घेतली, तेव्हाची तिची अखेरची शर्यत ओरे येथीलच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची डाउनहिल होती. त्यात तिला कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक पटकावले ते या हंगामाला मुकलेल्या इल्का श्टुहेत्सने.